साखळीच्या टाकीपासून दोन बटणांपर्यंत

एप्रिल २०१६ ला मिरजेतनं लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या रात्री सहज हिशोब घातला, तर आमच्या जुन्या १० लिटरच्या फ्लशला ते सगळं पाणी ५० हजार वेळाच पुरलं असतं. मग हे १० लिटर ठरवलं कुणी?

मूळ इंग्रजांचं. १९व्या शतकात लंडनला लोक संडासातलं पाणी वाहतं सोडून द्यायचे, म्हणून मधे टाकी बसवायची सक्ती झाली, एका वेळी २ गॅलन, म्हणजे साधारण ९ लिटर. त्या टाकीचं नावच 'वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर'! आज जिला आपण पाणी खाणारी म्हणतो ती जन्मली पाणी वाचवायला.

सांगलीत गावभागातल्या आमच्या जुन्या घरी तसलीच बिडाची टाकी होती, डोक्याच्या वर, साखळी तुटलेली म्हणून आजीनं परकराची नाडी बांधलेली. आत बिडाचीच एक घंटा असते, ओढून सोडली की सायफन चालू होतो आणि टाकी रिकामी झाल्याशिवाय थांबतच नाही, नुसत्या लघवीला पण पूर्ण टाकी.

खेड्यात मात्र गोष्ट वेगळी. बिंदेश्वर पाठकांनी १९७० ला सुलभ सुरू केलं, त्यांच्या दोन खड्ड्यांच्या संडासाचं भांडं तीव्र उताराचं, खालच्या ट्रॅपमधे, म्हणजे वास अडवायला पाणी साठतं त्या वळणात, पाणी थोडंच, त्यामुळं दीड-दोन लिटरात काम. पुढं २००० साली आपल्या तासगावच्या आर. आर. आबांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गावागावात संडास बांधायची चढाओढ लागली, तिथं कुठली आलीय टाकी, बादली आन् टमरेल. म्हणजे जत-आटपाडीकडं टमरेलभर पाण्यात भागत होतं आणि आम्ही शहरातले हौसेनं कमोड बसवत होतो.

दोन बटणांचा फ्लश आला ऑस्ट्रेलियातनं, १९८० च्या सुमारास कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसननं केला, सुरुवातीला ११ आणि साडेपाच लिटर, नंतर कमी होत ६ आणि ३ वर आला. अमेरिकेत तर १९९२ ला कायदाच झाला, १९९४ पासून घरगुती नवीन कमोड ६ लिटरचाच. पण तिथले सुरुवातीचे कमोड एका फ्लशमधे साफच व्हायचे नाहीत, लोक दोनदा दाबायचे आणि कायद्याला शिव्या घालायचे, कारण पाणी किती लागणार हे टाकीपेक्षा भांड्याचा आकार ठरवतो.

हे आम्हाला उशिरा कळलं. बाबांनी जुन्या टाकीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून बघितल्या, झालं काय तर दोनदा फ्लश! शेवटी मागच्या उन्हाळ्यात भांड्यासकट सगळं बदलून ६ आणि ३ लिटरचं दोन बटणांचं बसवलं. घरात चौघं, रोज धरा २० फ्लश, आधी २०० लिटर जायचे, आता ४ मोठे आणि १६ छोटे मिळून ७२.

बाबा मात्र बटण दाबून झाल्यावर मागनं एक बादली ओततातच, त्यांना कोण सांगणार.