मिरवेलीची काडी, खालची की वरची?

पहिल्यांदा मिरवेल लावली तेव्हा मी मोठ्या हौसेने घोसांनी लगडलेली फांदीच तोडून आणली होती. लगडलेल्या फांदीची काडी लावली तर लगडणारी वेल मिळेल, असा साधा हिशोब. बहुतेक काड्या कुजल्या, एक जगली. तिला पोफळीच्या बुंध्याशी लावून दोन पावसाळे वाट पाहिली, पण ती काही वर चढेना. गुडघ्याएवढी झाली, आडवी पसरली आणि तशीच ठेंगणी राहून चार घोस धरून बसली. शेजारच्या काकांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, "काडी खालची घेतलीस की वरची?"

मिरवेलीला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. पहिली म्हणजे आधाराला धरून वर जाणारं मुख्य खोड. त्याच्या पेरापेरावर बारीक मुळांचे झुपके फुटतात आणि त्यांच्या जोरावर वेल पोफळीला किंवा पांगाऱ्याला चिकटते. दुसऱ्या, या खोडातून आडव्या निघणाऱ्या फळफांद्या. घोस यांनाच लागतात, पण चिकटायची मुळं यांना नसतात. तिसऱ्या बुडख्यातून निघून जमिनीवर पळत सुटतात, त्यांची कांडी लांब लांब असतात. रोपवाटिकावाले त्यांना 'रनर' म्हणतात. काकांची 'खालची' काडी ती हीच.

आपल्याकडे रोपं बहुतेक रनरपासूनच करतात. मातीला टेकून मुळं धरू नयेत म्हणून ते वेलीच्या बुंध्याशी रोवलेल्या खुंट्यांवर गुंडाळून ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापतात. कोवळा शेंडा आणि जून झालेला बुडखा टाकून मधल्या भागाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करतात. देठ ठेवून पानं छाटतात, आणि माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत निदान एक पेर आत जाईल असं लावतात. पानं छाटायचं कारण सोपं आहे. मुळं नसलेल्या काडीला पाणी मिळत नाही, पानातून ते उडत मात्र राहतं. सावली आणि दमट हवा हवी तीही त्यासाठीच.

मुळाचा काहीच पत्ता नसलेल्या खोडातून मूळ येतं कसं? शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहत राहतं. काडी कापली की त्याची पुढची वाट बंद होते आणि ते कापाशी साठतं. तिथल्या, अन्नवाहिन्यांजवळच्या काही पेशी मग आपलं जुनं काम सोडून पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून मुळाचा अंकुर घडतो. मिरीच्या पेरात तर मुळांची तयारी आधीपासूनच असते, म्हणून ती इतर झाडांपेक्षा सहज धरते. बाजारात मिळणारी मुळं फुटायची पावडर म्हणजे बहुधा ऑक्सिनचाच कृत्रिम भाऊ, इंडोल ब्युटिरिक आम्ल. काडी उलटी रोवली तर मात्र पावडरही फारशी उपयोगी पडत नाही. आपलं बूड कुठलं, हे खोडाला पक्कं ठाऊक असतं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बी का पेरू नये? बी रुजतं, पण आईसारखं निघत नाही. कोकणात सर्वत्र दिसणारी पन्नियूर-१ ही जात केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या पन्नियूर केंद्रात उतिरनकोट्टा आणि चेरियकनियकडन या दोन जातींच्या संकरातून निघाली. तिच्या बियांतून आजी-आजोबांचे गुण वाटेल तसे विखरून बाहेर येतील. म्हणजे आज दापोलीपासून गोव्यातल्या कुळागरांपर्यंत जितक्या खऱ्या पन्नियूर-१ वेली आहेत, त्या सगळ्या एकाच रोपाच्या काड्यांच्या काड्या आहेत. मला या विचाराची अजून गंमत वाटते.

रोपं भराभर करायची एक युक्ती श्रीलंकेतून आली. बांबू उभा चिरून त्याच्या पन्हळीत काथ्याचा भुसा आणि शेणखत भरतात, पन्हळी तिरप्या टेकवतात आणि वेल तिच्यातून वर चढवतात. प्रत्येक पेर ओल्या भुशाला टेकतं आणि मुळं धरतं. वेल टोकाला पोचली की शेंडा खुडतात आणि बुडाकडची तीनेक पेरं सोडून त्यांच्या वर वेल चेचतात. शेंडा गेला की पेरांतले झोपलेले डोळे जागे होतात. साधारण दहा दिवसांनी वेल कापून एकेका पेराचं एकेक रोप करतात. एका काडीपासून वर्षात चाळीसेक रोपं मिळतात. दुसऱ्या पद्धतीत पिशव्याच ओळीने मांडतात आणि वेल त्यांच्यावरून सापासारखी पळवतात. प्रत्येक पेर नारळाच्या झावळीचा हीर दुमडून मातीत दाबलं की झालं.

आता माझ्या ठेंगण्या वेलीकडे येऊ. तिन्ही तऱ्हेच्या फांद्यांतली जनुकं तीच असतात. फरक कुठली चालू आणि कुठली बंद यात असतो, आणि पेशी विभागली तरी ही मांडणी पुढे चालत राहते. म्हणून फळफांदीची काडी मुळं धरल्यावरही फळफांदीच राहते, तिला वर चढायचं सुचत नाही. कुंडीतल्या 'ख्रिसमस ट्री'ची, म्हणजे अरोकेरियाची, बाजूची फांदी लावून बघा. झाड सरळ वाढायचं सोडून आडवंच जातं.

माझी फसगत झाली, पण रोपवाटिकांनी याचाच धंदा केला. फळफांदीची काडी मुळं धरायला कुरकुरते, पण एकदा धरली की कुंडीतच मिरी देते. 'बुश पेपर' म्हणून मिळतं ते हेच. मुंबईच्या गॅलरीत पोफळ कुठून आणणार? तिथे हेच रोप बरं. काही ठिकाणी ही फांदी ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पायपर कोलुब्रिनम या मिरीच्या भाऊबंदावर कलम करतात, कारण वेलीचं बूड कुजवणाऱ्या फायटोफ्थोरापुढे त्याची मुळं टिकाव धरतात.

काडीबरोबर वेलीचा रोगही येतो. मिरीत विषाणू आहेत, त्यांची लागण झालेल्या वेलीची पानं पिवळट ठिपक्यांची, लहान आणि वेडीवाकडी होतात. तिच्या प्रत्येक काडीतून तो पुढच्या वाडीत पोचतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून काडी घ्यायच्या आधी आईवेल भर पावसात, पानं जोमात असताना एकदा बघून ठेवावी आणि निरोगी असेल तिलाच खूण बांधावी. उन्हाळ्यात काडी कापताना सगळ्याच वेली सारख्याच सुकलेल्या दिसतात.