खुराडे (परसातील)

कोंबड्यांना रात्री कोंडण्यासाठी आणि त्यांनी अंडी घालण्यासाठी केलेल्या लहान बंदिस्त जागेस खुराडे म्हणतात. खेड्यात ते घराच्या जोत्याला लागून, पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्याच्या भिंतीशी दगडमातीने वा फळ्यांनी केलेले असते. एखादीच कोंबडी किंवा पिलांसह खुडकी (अंडी उबवायला बसलेली कोंबडी) असेल, तर बांबूच्या कामट्यांचे डालगे पालथे घालूनही भागते. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीतले झाकणे ते हेच. तालुक्याच्या गावी, जिथे घरामागे पंधरा-वीस फुटांची बाग, शेजाऱ्याची भिंत हातभर अंतरावर आणि गल्लीत मोकाट कुत्री असतात, तिथे मात्र चार ते सहा कोंबड्या पाळायच्या झाल्या तरी घराची निवड विचारपूर्वक करावी लागते. कारण पक्ष्यांचे आरोग्य, अंड्यांची स्वच्छता, वास आणि शेजाऱ्यांशी संबंध या चारही गोष्टी बऱ्याच अंशी खुराड्यावरच अवलंबून असतात.

जागेचा हिशेब अवघड नाही. दिवसा बाहेर फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीस रात्रीसाठी सुमारे 2 चौरस फूट जागा पुरते, त्यामुळे पाच कोंबड्यांना 4 फूट लांब व 3 फूट रुंद खुराडे सोयीचे ठरते. दिवसभर जाळीच्या आवारातच ठेवायच्या असतील, तर त्याशिवाय प्रत्येकीस किमान 8 ते 10 चौरस फूट मोकळी जागा द्यावी. ती न दिल्यास कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. बसण्यासाठी कडा गोल केलेला, सुमारे दोन इंच रुंदीचा लाकडी दांडा आडवा बसवावा आणि त्यावर दर कोंबडीस 8 इंच लांबी धरावी. अंड्यांसाठी एक-एक फुटाचे दोन खण पुरतात. ते दांड्यापेक्षा खाली असले पाहिजेत, कारण कोंबडी झोपायला नेहमी सर्वांत उंच जागा शोधते आणि खण उंच असला तर रात्रभर त्यातच बसून तो विष्ठेने भरते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून तक्रारी होतात, म्हणून पिले काढायची नसतील तर तो न ठेवणेच बरे.

निवडीतली सर्वांत मोठी चूक हवेच्या बाबतीत होते. छायाचित्रांत दिसणारी, चहूबाजूंनी फळ्या मारलेली सुबक लाकडी घरे मुळात थंड देशांच्या हिवाळ्यासाठी आखलेली असतात. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती चोच उघडून धापा टाकत बाहेर टाकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा बंद पेटीत तिला ठेवणे म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणे होय. आपल्याकडे खुराड्याच्या निदान दोन समोरासमोरच्या बाजू वरच्या अर्ध्या भागात जाळीच्या असाव्यात आणि खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. छपराला नुसता पत्रा घातल्यास त्यावर उसाचे पाचट किंवा नारळाच्या झावळ्या पसराव्यात. जुनी मंगलोरी कौले मिळाली तर ती पत्र्याहून कितीतरी चांगली.

पावसाळ्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोसमी पावसाची झड बहुधा नैऋत्येकडून येते, म्हणून ती बाजू भरीव ठेवून छपराची पाखी दोन फूट तरी पुढे काढावी. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, पायांवर घेतल्यास ओल आणि घुशी दोन्ही दूर राहतात. बिनतळाचा, रोज जागा बदलता येणारा फिरता पिंजरा बागेला खत देतो खरा, पण काळ्या मातीत जून लागताच त्याखाली चिखल होतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच तो वापरावा. तळावर दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा घालून तो अधूनमधून खालीवर करावा. सकाळी दार उघडल्यावर खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर तोंड न्यावे: डोळे चुरचुरले तर भुसा ओला झाला आहे आणि बदलायला हवा. काढलेला भुसा ताजाच झाडांच्या बुंध्याशी टाकू नये. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्यावा.

शत्रूंपैकी मुंगूस सर्वांत चिवट असते. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मात्र कुत्र्याने ओढल्यावर फाटते आणि तिच्या छिद्रांतून साप सहज आत जातो. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली) जाळी महाग पडते, तरी खर्च इथेच करावा आणि हवे तर रंगरंगोटी सोडून द्यावी. आवाराच्या कडेने हीच जाळी फूटभर जमिनीत गाडली, की खालून उकरून येण्याची वाट बंद होते. दाराला सरकती कडी पुरत नाही. कोयंडा आणि त्यात अडकवायचा खिळा किंवा कुलूप हवे.

लाकडाच्या सांध्यांत आणि बांबूच्या चिरांत तांबूस पिसवांसारखे किडे दिवसा लपतात व रात्री कोंबडीचे रक्त शोषतात, म्हणून कमी सांध्यांचे, लोखंडी चौकटीचे आणि आत हात पोचेल इतके मोठे दार असलेले खुराडे निवडावे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मापाप्रमाणे करून घेतलेला सांगाडा यासाठी उत्तम. सांध्यांना वर्षातून दोनदा चुना लावावा.

दाणापाणी छपराखालीच ठेवावे, म्हणजे कावळे, बगळे त्यात तोंड घालत नाहीत. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला, तेव्हापासून रानपाखरे व पाळीव कोंबड्या यांचा संपर्क टाळण्यावर पशुवैद्यकांचा भर आहे. बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट खुराड्यात सोडल्यास मानमोडीसारखा (राणीखेत) सांसर्गिक रोग एका रात्रीत सर्वांपर्यंत पोचू शकतो. यासाठी खुराड्याबरोबर एक वेगळा लहान पिंजरा किंवा जुने डालगे जवळ असावे आणि नव्या पक्ष्याला दोन-तीन आठवडे, बागेच्या दुसऱ्या टोकाला, त्यातच ठेवावे.