पार्श्वभूमी : दुर्मीळ विनोदी बोलपट आणि सोलापूरचा कान

मूकपटात माणूस घसरून पडला की साखर पेठेतला तेलुगू विणकर आणि विजापूर वेशीतला दख्खनी बोलणारा, दोघांनाही हसू येणारच. आवाज आला आणि हे बदललं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी होऊन दोनच महिने झाले होते. पुढच्याच वर्षी पहिला मराठी आणि पहिला तेलुगू बोलपट आला. १९३४ मध्ये पहिला कन्नड, तोही कोल्हापुरात तयार झालेला. पौराणिक कथा परभाषेतही उमगते. कोटी मात्र जागच्या जागी मरते.

हॉलिवूडलाही हाच पेच पडला. लॉरेल-हार्डींनी काही विनोदपट स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्ये पुन्हा केले. भाषा येत नव्हती, म्हणून फळ्यावर उच्चार लिहून घेतले. मायक्रोफोनची तर वेगळीच गंमत. मार्क्स बंधूंच्या १९२९च्या 'द कोकोनट्स'मध्ये नकाशे चक्क ओले दिसतात, कारण कोरड्या कागदाची खसखस संवाद गिळून टाकत होती!

हे चित्रपट दुर्मीळ का झाले, तेही यंत्रात दडलंय. व्हायटाफोन पद्धतीत चित्र फिल्मवर आणि आवाज १६ इंची तबकडीवर असे. लेबलवर वीस चौकोन. दर खेळाला एक खूण, वीस झाल्या की तबकडी बाद. सुई उडाली की ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. पुढे रिळं आणि तबकड्यांची कायमचीच ताटातूट झाली. १९९१ पासून अमेरिकेतले काही शौकीन त्यांच्या जोड्या जुळवत आहेत. आपल्याकडे फिल्मच ज्वालाग्राही नायट्रेटची. २००३च्या पुण्यातल्या आगीत अशी कितीतरी रिळं गेली.

मराठीत मा. विनायक आणि अत्रे यांचा 'ब्रह्मचारी' (१९३८) गाजला. माझा ओढा मात्र 'लग्न पहावे करून'कडे (१९४०) जास्त. त्यात चिं. वि. जोशींचा चिमणराव दामुअण्णा मालवणकरांच्या तोंडून बोलतो, आणि त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातली बोलण्याची ढब, अडखळणं, हेल पुस्तकात न सापडणाऱ्या रूपात कानावर पडतात. सोलापूरकराला हे पटकन जाणवतं. चार भाषांच्या गावात कुणाचा हेल कुठल्या पेठेचा, हे ओळखायची सवयच असते.

या चित्रपटांची गती आज संथ वाटते. काही ठिकाणी पात्रं वाक्यानंतर उगाच थांबल्यासारखी दिसतात. ती जागा थिएटरातल्या हशासाठी सोडलेली असते. मोबाइलवर एकट्यानं पाहिलं की ती रिकामीच राहते.