त्वचाप्रसाधनांतील जीवनसत्त्वे व ऑक्सिडीकरणरोधके

त्वचेला लावायच्या क्रीम, लोशन व सीरममध्ये मिसळली जाणारी जीवनसत्त्वे, त्यांची अनुजाते (त्यांपासून बनवलेली संयुगे) आणि मुक्त मूलकांना (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिविक्रियाशील कणांना) निष्प्रभ करणारी इतर संयुगे. अतिनील किरणांमुळे त्वचेत ऑक्सिजनाची अतिविक्रियाशील रूपे तयार होतात. ती पेशीपटलातील मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात आणि कोलॅजेन तोडणाऱ्या एंझाइमांना चालना देतात. ऑक्सिडीकरणरोधक संयुग स्वतःकडील इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी थांबवते. मात्र त्वचेवर लावलेले प्रत्येक जीवनसत्त्व याच मार्गाने काम करत नाही. क व ई ही मुख्यतः ऑक्सिडीकरणरोधके होत. अ जीवनसत्त्वाचा परिणाम प्रामुख्याने जनुकांच्या नियमनातून होतो. जाहिरातींत हा भेद बहुधा पुसला जातो.

क जीवनसत्त्व : यातील सर्वांत अभ्यासलेला व सर्वांत नाजूक घटक म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक अम्ल. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युत्‌भारित असतात ते मूल्य) सुमारे ४.२ आहे. त्यामुळे पीएच ३.२ असताना सुमारे ९० टक्के रेणू विद्युत्‌भाररहित असतात आणि असेच रेणू शृंगस्तर (त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर) ओलांडू शकतात. डुकराच्या त्वचेवरील २००१ च्या प्रयोगांत पीएच ३.५ पेक्षा कमी असतानाच शोषण झाले, २० टक्क्यांपर्यंतच्या संहतीबरोबर ते वाढले आणि त्यापुढे वाढले नाही. त्वचेत साठलेल्या अम्लाचा अर्धायुकाल सुमारे ४ दिवस आढळला. नुसत्या पाण्यात १५ टक्के अम्ल विरघळवले तर पीएच २ च्या आसपास येतो व त्वचेची आग होते; म्हणून अल्कली थोडीथोडी घालून तो ३ ते ३.५ दरम्यान आणतात.

पाण्यात हे अम्ल फार काळ टिकत नाही. हवेतील ऑक्सिजनाने त्याचे प्रथम डीहायड्रोॲस्कॉर्बिक अम्ल होते. तेथवर विक्रिया उलटवता येते. पण वलय उघडून डायकीटोग्युलॉनिक अम्ल बनले की परतीची वाट उरत नाही. तांबे व लोह यांचे लेशमात्र आयनही ही विक्रिया वेगाने घडवतात. म्हणून त्यांना बांधून ठेवणारे ईडीटीए अल्प प्रमाणात घालतात आणि अपारदर्शक, हवा आत न शिरणारी बाटली वापरतात. फिकट पिवळसर झालेले द्रावण बहुधा वापरता येते. गडद तपकिरी झालेले टाकून द्यावे.

अनुजातांविषयी मतभेद आहेत. मॅग्नेशियम व सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट ही उदासीन पीएचजवळ टिकतात, तर ॲस्कॉर्बिल पामिटेट मेदविद्राव्य आहे. त्वचेतील एंझाइमे त्यांपासून मूळ अम्ल मोकळे करतात, असा दावा असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तसे दिसते. परंतु उपर्युक्त प्रयोगांत मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट व पामिटेट या दोहोंनी त्वचेतील ॲस्कॉर्बिक अम्लाची पातळी वाढवली नाही. पेशींवरील निष्कर्षापेक्षा अखंड त्वचेवरील मापन अधिक विश्वसनीय मानावे लागते. तरीही संवेदनशील त्वचेला ही सौम्य रूपे अधिक मानवतात.

ई जीवनसत्त्व : मुक्त टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचे मुख्य रूप) पेशीपटलातील मेदाचे रक्षण करताना स्वतः मूलक बनते व क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करते. १५ टक्के ॲस्कॉर्बिक अम्ल व १ टक्का टोकोफेरॉल यांच्या मिश्रणाने मिळणारे प्रकाशसंरक्षण ०.५ टक्के फेरुलिक अम्ल (वनस्पतींतील एक ऑक्सिडीकरणरोधक) घातल्यावर सुमारे दुप्पट झाले व मिश्रणही अधिक टिकले (२००५). हे संरक्षण सनस्क्रीनला पूरक आहे, पर्यायी नाही. टोकोफेरिल ॲसिटेट बाटलीत टिकते, पण विघटन होऊन टोकोफेरॉल सुटेपर्यंत ते निष्क्रिय असते. अत्यल्प टोकोफेरॉल पुष्कळदा केवळ तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले असते.

अ जीवनसत्त्व : रेटिनॉल या त्याच्या रूपाचे त्वचेत रेटिनाल्डिहाइड व मग रेटिनॉइक अम्ल हे प्रत्यक्ष काम करणारे रूप होते, रेटिनिल एस्टरांना आणखी एक पायरी लागते, म्हणून ती सौम्य असतात. प्रसाधनांत रेटिनॉल रूढ झाले ते साधारणपणे १९८० च्या दशकापासून. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्यावरील प्रसाधनांसाठी ०.३ टक्के व अंगाला लावायच्या लोशनसाठी ०.०५ टक्के रेटिनॉल-सममूल्य अशी मर्यादा घातली. प्रकाशात ते नष्ट होत असल्याने रात्री लावतात. आठवड्यात दोनदा, वाटाण्याएवढ्या मात्रेने सुरुवात करावी. एकदम रोज लावल्यास त्वचा सोलवटते. गर्भावस्थेत टाळावे.

नियासिनामाइड : हे बी३ चे रूप २ ते ५ टक्के प्रमाणात वापरतात. ते मेलॅनिनाचे वर्णकपेशींकडून केराटिनपेशींकडे होणारे वहन कमी करते. क जीवनसत्त्वाबरोबर ते निकामी होते हा समज अतिरंजित आहे. तीव्र अम्लता वा अल्कता आणि उष्णता दीर्घकाळ लाभली, तरच त्याचे लक्षणीय प्रमाणात निकोटिनिक अम्ल होते व त्वचा लालसर होऊ शकते.

इतर : को-एंझाइम क्यू१०, रेझ्व्हेराट्रॉल व हिरव्या चहातील कॅटेचिने यांवरील मानवी पुरावा तोकडा आहे. क्यू१० मुळातच नारिंगी-पिवळे असल्याने त्याच्या रंगावरून उत्पादन बिघडले असे समजू नये.

लेबल : घटक उतरत्या प्रमाणात छापतात, पण १ टक्क्याखालील घटकांचा क्रम उत्पादक हवा तसा ठेवू शकतो. फेनॉक्सिएथेनॉल या परिरक्षकाची कमाल मर्यादा अनेक ठिकाणी १ टक्का आहे. त्याच्यानंतर लिहिलेले ॲस्कॉर्बिक अम्ल त्यामुळे १ टक्क्याहून अधिक असू शकत नाही.