अंग बाहेर येण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे तीन महिने

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय जागा सोडून योनीत खाली घसरणं. साठी-सत्तरीतल्या बाईचं त्यासाठी ऑपरेशन झालं की घरात सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तिला खाटेवरून उतरू देत नाहीत. जेवण, पाणी, औषधं सगळं जागेवर. नाही तर पंधराव्या दिवशी, दुखत नाही म्हणून, ती स्वतःच पोळपाट पुढे ओढते आणि महिनाभरात पाण्याची कळशी पुन्हा कमरेवर येते. पहिली चूक मायेपोटी होते, दुसरी आयुष्यभराच्या सवयीपोटी. दोन्हींमागचं कारण एकच: टाके घातले म्हणजे काम झालं, ही समजूत. ऑपरेशन तास-दोन तासांत संपतं, पण खरी दुरुस्ती शरीर करतं आणि त्याला महिने लागतात.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा असतो आणि वरून गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या दोन आधारांवर जागेवर राहतात. बाळंतपणात, विशेषतः नैसर्गिक प्रसूतीत, हा पडदा कमालीचा ताणला जातो आणि काही वेळा हाडाजवळून फाटतोही. तरुणपणी उरलेला आधार निभावून नेतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, योनीची त्वचा पातळ होते, बंध सैल पडतात. त्यात चुलीच्या धुराने जडलेला खोकला, वर्षानुवर्षांचं कुंथणं, डोक्यावरची ओझी यांची भर पडली, की एक दिवस आंघोळ करताना हाताला गोळा लागतो.

बहुतेक बायका तो गोळा वर्षानुवर्षं लपवतात. लघवी नीट होत नाही म्हणून बोटाने आत ढकलतात, कापडाची घडी लावून शेतात जातात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात सगळेच त्रास मोजले होते, अंग बाहेर येणं हा त्यांतला एक. पण इतकं दुखणं इतक्या गुपचूप सोसलं जातं हे त्या आकड्यांनी जगासमोर आणलं. म्हणून सत्तरीतली एखादी बाई ऑपरेशनला तयार होते, तेव्हा तिच्यामागे अनेक वर्षांची लाज असते, आणि ऑपरेशननंतर काय होतंय हे सांगायलाही ती तितकीच लाजते. घरच्यांनी विचारलं नाही तर ती बोलणार नाही, हे धरूनच चालावं.

ऑपरेशनचे प्रकार बरेच आहेत. मुंबईत काम केलेले, गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर बांधून ठेवण्याची पद्धत काढली. उतारवयात मात्र आपल्याकडे सहसा योनीमार्गातूनच गर्भाशय काढतात, पुढची-मागची भिंत शिवतात आणि योनीचं वरचं टोक एखाद्या भक्कम बंधाला बांधतात. पोटावर छेद नसतो. याचा फायदा मोठा आहे, पण त्यातच एक फसगत आहे: बाहेरून काही दिसत नाही, म्हणून आत जखम आहे हे सगळे विसरतात, बाईसुद्धा. ज्यांना शरीरसंबंध नको आहेत आणि ज्यांची प्रकृती नाजूक आहे, अशा वृद्ध स्त्रियांमध्ये योनीचा मार्ग जवळजवळ बंद करण्याचं लहान ऑपरेशन करतात. ते एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे आणि त्यानंतर बहुतेक स्त्रिया समाधानी असतात. यातलं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं आणि ते कार्ड जपून ठेवावं. पुढे कोणत्याही डॉक्टरला हाच पहिला प्रश्न पडतो.

आता आत काय घडतं ते पाहू. पहिले काही दिवस सूज असते; मेलेल्या पेशी आणि जंतू साफ करण्याचं काम चालू असतं. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी घाईघाईने कच्चं कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं धाग्यासारखं प्रथिन, विणू लागतात. हे धागे बारीक आणि विस्कळीत असतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला जखमेची ताकद मूळ ताकदीच्या साधारण पाव हिश्शाच्या आसपास असते. पुढच्या आठवड्यांत कच्चं कोलॅजन मोडून त्या जागी जाड, ताणाच्या दिशेने रचलेलं कोलॅजन येतं. तीन महिन्यांनी ताकद 80 टक्क्यांच्या जवळ पोचते. शंभर टक्के ती कधीच होत नाही.

दरम्यान विरघळणारे टाके आपलं काम करून निघून जात असतात. नेहमी वापरला जाणारा पॉलिग्लॅक्टिनचा धागा तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपली निम्मी ताकद गमावतो आणि दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. पॉलिडायॉक्सॅनोनचा धागा जास्त टिकतो. म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अशी वेळ येते की धागा ढिला पडलेला असतो आणि ऊती अजून पक्की झालेली नसते. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग काढायची घाई केली तर काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. दुर्दैवाने नेमक्या याच आठवड्यांत दुखणं थांबलेलं असतं आणि बाईला बरं वाटू लागलेलं असतं. सहा आठवडे जपा असं डॉक्टर सांगतात, ते यासाठी.

उतारवयात हे विणकाम आणखी संथ चालतं. साखर वाढलेली असेल, रक्त कमी असेल, खाण्यात प्रथिनं नसतील तर अधिकच. आणि मशेरी. ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी आज्या दिवसातून तीन-चारदा मशेरी लावतात आणि तिला तंबाखू मानतच नाहीत. तिच्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेला मिळणारा रक्तपुरवठा घटतो. ऑपरेशनच्या आधीपासून मशेरी बंद झाली तर जखमेला त्याचा नक्की फायदा होतो. डॉक्टर विड्या-सिगारेटींबद्दल विचारतात, मशेरीबद्दल नेहमी विचारतातच असं नाही. म्हणून आपणच सांगावं.

मग जपायचं म्हणजे नेमकं काय? इथे विज्ञानाने गेल्या काही वर्षांत जुन्या सल्ल्याला थोडा धक्का दिला आहे. पोटातला दाब मोजणाऱ्या अभ्यासांत असं दिसलं, की आपण ज्यांना मनाई करतो अशा काही हालचालींत येणारा दाब खुर्चीतून उठताना येणाऱ्या दाबापेक्षा जास्त नसतो. जोराच्या खोकल्याने आणि कुंथण्याने मात्र तो चांगलाच चढतो. अमेरिकेत झालेल्या यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या प्रयोगांत, काही स्त्रियांना नेहमीची बंधनं घातली आणि काहींना झेपेल तसं लवकर हालचालींना लागायला सांगितलं. तीन महिन्यांनी मोकळीक मिळालेल्या स्त्रियांची दुरुस्ती काही वाईट ठरली नाही.

पण हा निष्कर्ष आपल्या घरात उचलून आणताना मी सावध राहीन. त्या स्त्रियांची ‘नेहमीची हालचाल’ म्हणजे चालणं, जिना, बाजारहाट. आपल्याकडे ती पंधरा लिटरचा हंडा, दळणाचा भरलेला डबा, कडेवरचं नातवंड किंवा भाताची लावणी असू शकते. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तेव्हा ओझं उचलणं सहा आठवडे तरी पूर्ण बंद, आणि जड ओझं तीन महिने. शक्य असेल तिथे कायमचंच. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. उठताना श्वास कोंडून धरायचा नाही, हळू सोडत उठायचं. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठलं की पोटावर ताण कमी येतो. खोकला आला तर घडी केलेला टॉवेल खालून दाबून धरावा. जुना खोकला असेल तर त्याचा बंदोबस्त ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवा.

अंथरुणाला खिळवून ठेवण्याची किंमत किती, हे 2007 साली एका अमेरिकी प्रयोगाने दाखवलं. धडधाकट वृद्धांना केवळ 10 दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायूयुक्त वजन गेलं आणि ताकदही घटली. ती माणसं निरोगी होती. ऑपरेशन झालेल्या, आधीच अशक्त आजीचं यापेक्षा जास्त जाणार. शिवाय न हलणाऱ्या पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि ती फुप्फुसात पोचली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या घरात दर दोन-तीन तासांनी चार फेऱ्या, बसल्याबसल्या पावलं वर-खाली करणं, दुपारचं जेवण खाटेऐवजी खुर्चीवर, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

जेवणाचंही तसंच. ‘पचायला हलकं’ म्हणून पेज आणि मऊ भात यांच्यावर आठवडे काढले जातात, आणि कोलॅजन विणायला लागणारी प्रथिनंच मिळत नाहीत. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, जखम भरत असताना थोडी अधिकच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. घट्ट वरण, मूग-मटकीची उसळ, दही, अंडी, मासे, जे चालतं ते पोटभर द्यावं.

पोट साफ होणं हा या काळातला सर्वांत मोठा प्रश्न, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. भूल, काही वेदनाशामकं आणि लोहाच्या गोळ्या हे सगळं मल घट्ट करतं. त्यात लघवीला सारखं उठावं लागू नये म्हणून बाई पाणीच कमी पिते. मग कुंथावं लागतं, आणि कुंथण्याने नव्या टाक्यांवर मोठा भार येतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं रेचक ‘आज झालंय, मग कशाला’ असं म्हणून सोडू नये. पपई, पालेभाज्या, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल हे सोबत. उकिडवं बसून उठणं सुरुवातीला जड जातं, तेव्हा पहिले सहा आठवडे कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी. ती भाड्यानेही मिळते. पायाखाली छोटा पाट घेतला की गुडघे वर येतात आणि न कुंथता होतं.

लघवीची नळी सहसा दुसऱ्या दिवशी काढतात. सुजेमुळे आणि म्हाताऱ्या मूत्राशयाच्या सैलपणामुळे काही जणींना लघवी पूर्ण होत नाही आणि नळीसकट घरी जावं लागतं. याने ऑपरेशन फसलं असं होत नाही. बहुतेकींचं काही दिवसांत सुरळीत होतं. नळीला जोडलेली लघवीची पिशवी मात्र कायम कमरेच्या खाली ठेवायची. याउलट काही जणींना आधी कधी नव्हती अशी खोकताना-शिंकताना लघवी गळू लागते. खाली घसरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग मुडपला गेला होता आणि ती गळती झाकली गेली होती. मूत्राशय जागेवर गेल्यावर ती उघडी पडली. यावर उपाय आहेत, फक्त सांगायला हवं.

पांढरट-तपकिरी स्राव तीन-चार आठवडे चालतो आणि त्यात धाग्याचे तुकडे पडतात. घाबरायचं कारण नाही. वरचं टोक माकडहाडाजवळच्या बंधाला बांधलं असेल तर एका बाजूच्या कुल्ल्यात खोल दुखतं. तेही सहसा सहा आठवड्यांत ओसरतं. पण तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वास, लघवी अडकणं, एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना फार घाबरवते. पहिल्या दोन-तीन रात्री आजी असंबद्ध बोलते, गावाला निघते, नळी ओढते. ऑपरेशननंतर वृद्धांमध्ये होणारा हा तात्पुरता गोंधळ आहे, वेड नव्हे. पण डॉक्टरांना लगेच कळवावं, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी किंवा एखादं औषध असू शकतं. चष्मा आणि कानाचं यंत्र तिला लावून द्यावं, रात्री मंद दिवा ठेवावा, ओळखीचं माणूस उशाशी असावं.

ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, म्हणजे वात रोखल्यासारखे स्नायू आत ओढून धरणं, अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली मांडले. लघवीच्या गळतीवर त्यांचा उपयोग होतो. ऑपरेशनचा निकाल मात्र त्यांनी सुधारत नाही, असं 2014 सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच स्त्रियांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा कडक निकष लावले तर 60 टक्क्यांहून जास्त ऑपरेशनं अपयशी ठरत होती. हा आकडा भीतीदायक वाटतो. पण त्या निकषांत तपासणीत दिसणारी घसरणही धरली होती. पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या स्त्रिया त्याहून कितीतरी कमी होत्या आणि बहुतेकींचा त्रास आधीपेक्षा हलकाच राहिला. ऑपरेशनआधी हे बाईला स्वच्छ सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नाही तर दोन वर्षांनी पुन्हा काही हाताला लागलं की ती स्वतःलाच दोष देते आणि पुन्हा गप्प बसते.

सहा आठवड्यांची तपासणी म्हणूनच चुकवू नये. तेव्हा डॉक्टर आतली जखम पाहतात, कोरडेपणा असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम द्यायचं का ते ठरवतात, आणि शरीरसंबंध कधी सुरू करता येतील तेही सांगतात. हा प्रश्न पासष्टीच्या बाईलाही असतो, तिच्या नवऱ्यालाही. मुलगा किंवा सून सोबत असली की तो विचारला जात नाही, म्हणून पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्यावं. पुढे कधी गोळा परत जाणवला, तर रबरी किंवा सिलिकॉनची रिंग बसवून घेण्याचा मार्ग असतोच. ती ठरावीक काळाने काढून धुवायची आणि पुन्हा बसवायची, आणि अनेक स्त्रिया तिच्यावर वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात.