कागदी कोलाज (कलाशिक्षण)

कागदाचे तुकडे कापून किंवा फाडून, मांडून, चिकटवून केलेली चित्ररचना. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. शाळेतल्या कातरकाम-चिकटकामाशी त्याचे नाते उघड असले, तरी डिझाइनच्या वर्गात कोलाज करवून घेतात ते मांडणीची समज यावी म्हणून.

आधुनिक कलेतला त्याचा उगम १९१२ मधला. पिकासोने वेताची वीण छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले, चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषांचा भिंतकागद. भारतात चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांनी दृष्टी गेल्यानंतर कापलेल्या कागदांतून चित्रे रचली. मुंबईत जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९६० च्या दशकात बाजारातल्या देवदेवतांच्या छापील तसबिरी कापून कोलाजमध्ये आणल्या.

मुंबईत सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ चे. उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था १९५८ ची. संगणक येण्यापूर्वी जाहिरातीचे आर्टवर्क करताना अक्षरांचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोकागदावरची प्रत, कापून रबर सोल्युशनने चिकटवावे लागे, म्हणजे कटरवर हात बसलेला असणे ही पोटापाण्याची गोष्ट होती. ती गरज संपली. कोलाजचा सराव मात्र टिकला.

त्याचे कारण रंगात आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांपासून पोस्टर कलर कालवत आलेल्या मुलाला इथे हवी ती छटा बनवता येत नाही, शोधावी लागते. एकाच रंगाच्या सात छटा फक्त मासिकांतून काढायच्या म्हटले, की आकाश, साडी आणि साबणाची जाहिरात यांतला निळा वेगळा दिसू लागतो. डोळे किलकिले करून पाहिले की उजळ-गडदपणा कळतो. ओळखीचा चेहरा किंवा अख्खे फूल कापून लावणे ही नवशिक्याची हमखास चूक: रचना दुबळी राहते आणि दाद मिळते ती मूळ छायाचित्रकाराच्या कामाला.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर टिंटेड, घोटीव, मार्बल असे कागद मिळतात. पण खरी खाण रद्दीवाल्याकडे: जुनी मासिके, लग्नपत्रिका, कॅलेंडरे. वर्तमानपत्राचा कागद मोहात पाडतो, मात्र लवकर पिवळा पडतो.

कापलेली कड धारदार दिसते. फाडलेल्या छापील कागदाला पांढरी किनार सुटते. फाडताना आपल्याकडे ओढलेल्या भागाला ती येते की हातात राहिलेल्या, हे दोनचार तुकडे वाया घालवूनच समजते. अनुभवी विद्यार्थी गोंदाला हात लावण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडतो, सरकवतो, मोबाइलवर फोटो काढतो, पुन्हा सरकवतो. पंख्याखाली ही मांडणी करू नये, हे प्रत्येकजण एकदा तरी स्वतःच शिकतो.

जून ते सप्टेंबर हा इथला कसोटीचा काळ. ओलाव्याने कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. पातळ केलेले फेविकॉल त्यात भर घालते आणि सुकताना बोर्ड वाकतो. उपाय जुनाच आहे: बोर्डच्या मागच्या बाजूसही तेवढाच कागद चिकटवून ताण तोलायचा आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवायचे. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते. हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ × २२ इंची, बोर्ड घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणाऱ्याला तर सुटलेला कोपरा कॉलेजात पोहोचल्यावर पुन्हा चिकटवता यावा म्हणून गोंदाची छोटी बाटली दप्तरात ठेवावीच लागते.