रायझन ५६०० आणि ५६००जी: टंचाईच्या काळात कोणता घ्यावा?

रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी, हे एएमडीचे डेस्कटॉप संगणकासाठीचे दोन प्रोसेसर. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड, दोन्ही झेन ३ पिढीचे, दोन्ही ६५ वॉटचे. जास्तीत जास्त वेग दोघांचाही ४.४ गिगाहर्ट्झ, मदरबोर्डावर बसायचं सॉकेट तेच एएम४, आणि खोक्यात येणारा छोटा कूलरसुद्धा तोच. दुकानाच्या यादीत ते एकाखाली एक छापलेले असतात. त्यामुळे ‘जी’ म्हणजे तोच प्रोसेसर, वर ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) फुकट, असं बहुतेकांना वाटतं. हा समज चुकीचा आहे, आणि बाजारात माल मिळत नसतो तेव्हा तो महागात पडतो.

या दोन खोक्यांत वेगवेगळ्या चिप आहेत. ५६०० मध्ये कोअरची एक छोटी चिप आणि मेमरी, पोर्ट वगैरे सांभाळणारी दुसरी चिप, अशा दोन चिप एकाच पाटीवर बसवलेल्या असतात. ग्राफिक्स अजिबात नाही. त्याऐवजी ३२ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० (ग्राफिक्स कार्डापर्यंत माहिती नेणारी वाट) आहे. ५६००जी ही मुळात लॅपटॉपसाठी घडवलेली एकसंध चिप. तिच्यात वेगा जातीचे सात ग्राफिक्स युनिट बसवलेत, पण कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आहे आणि पीसीआय एक्सप्रेस एक पिढी मागे, ३.० वर थांबलेली आहे. म्हणजे ‘जी’ घेताना ग्राफिक्स मिळतं आणि त्याच्या बदल्यात कॅश आणि पीसीआयचा वेग जातो. बरेच गेम कॅशवर फार अवलंबून असतात. पुढे चांगलं ग्राफिक्स कार्ड लावल्यावर ५६००जी हा ५६०० च्या मागे पडतो, तो मुख्यतः या निम्म्या कॅशमुळे.

इंटेलकडे असं नाही, आणि घोटाळा होण्याचं हेही एक कारण आहे. कोअर आय५-१२४०० आणि १२४००एफ यांत ‘एफ’ म्हणजे फक्त ग्राफिक्स बंद. कोअर, कॅश, पीसीआय सगळं जसंच्या तसं. तिथे ‘एफ नसलेला थोडे पैसे जास्त देऊन घ्या’ हा सल्ला डोळे मिटून देता येतो. एएमडीच्या जोडीला तोच नियम लावला की फसगत होते.

पहिली अडचण घरी आणल्या दिवशीच समोर येते. बोर्डावर एचडीएमआय पोर्ट दिसतो, म्हणून लोक ५६०० घेऊन येतात, केबल लावतात आणि पडदा काळाच राहतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले येत नाही. बोर्ड खराब नसतो. तो पोर्ट बोर्डाचा असला तरी त्यातून जाणारं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने तयार करायचं असतं, आणि ५६०० मध्ये ते नाहीच. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ, तोवर असंच चालवू’ हा बेत ५६०० वर चालत नाही. कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं तरी तीच गत, सगळा संगणक बसून राहतो.

२०२१ साली या एका गोष्टीला किती किंमत आली होती ते आठवून पाहा. टाळेबंदीत सगळ्यांना घरी संगणक हवा होता, चिपचे कारखाने भरलेले होते आणि त्यात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावणं) जोरात होतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर या जाहीर किमतीला आलं. त्या किमतीला ते साध्या गिऱ्हाइकाच्या हाती क्वचितच लागलं. बाजारात दुप्पट आणि त्याहून जास्त भाव चालू होता. मायनिंग करणाऱ्यांनी ते उचलू नये म्हणून एनव्हिडियाने त्यात वेगाची मर्यादा घातली होती, पण काही आठवड्यांतच कंपनीच्याच एका बीटा ड्रायव्हरने ती चुकून उठवली. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत तोच अनुभव होता. कार्ड हवं तर सोबत बोर्ड किंवा पॉवर सप्लाय घ्या, नाहीतर नाही.

त्या परिस्थितीत ऑगस्ट २०२१ मध्ये ५६००जी २५९ डॉलरला बाजारात आला. साधा ५६०० तेव्हा नव्हताच, तो आला एप्रिल २०२२ मध्ये, १९९ डॉलरला. म्हणजे टंचाई ऐन भरात असताना खरी निवड होती २९९ डॉलरचा ५६००एक्स (तोही ग्राफिक्स नसलेला) अधिक न मिळणारं कार्ड, की एकटा ५६००जी. माझ्या मते तेव्हा ‘जी’ घेणाऱ्यांनी अगदी बरोबर केलं. अभ्यास, ऑफिस, कोडिंग, फोटोंचं काम आणि १०८० पिक्सेलवर सेटिंग खाली ठेवून व्हॅलोरंटसारखे हलके गेम, एवढं तो कार्डाशिवाय नीट सांभाळतो. आणि वाट पाहता येते. टंचाईत थांबण्याची ताकद ज्याच्याकडे असते, तो दुकानदार म्हणेल त्या भावाला मान तुकवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली, मायनिंगची कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली, आणि थांबलेल्यांना बऱ्या भावात कार्ड मिळालं.

पण सगळे थांबले नाहीत. इथे दुसरा सापळा येतो, आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण जुन्या बाजारात ही जोडी अजून फिरते. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी काढलं. किंमत १९९ डॉलर, मेमरी ४ जीबी. टंचाईत स्वस्त आणि मिळणारं कार्ड म्हणून ते खपलं, आणि ५६००जी असलेल्यांना वाटलं की हाच आपला पुढचा टप्पा. प्रत्यक्षात ही जोडी एकमेकांच्या उण्या बाजू वाढवते.

कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहितीची ने-आण पीसीआयच्या लेनमधून होते. नेहमीच्या कार्डाला सोळा किंवा आठ लेन असतात. ६५०० एक्सटीला फक्त चार आहेत. पीसीआय ४.० वर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर ते निम्मं, म्हणजे ४ जीबीच्या आसपास. एरवी हे फारसं जाणवत नाही. पण कार्डाची मेमरी ४ जीबीच असल्याने नव्या गेममध्ये ती पटकन भरते, मग उरलेलं टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) मुख्य रॅममधून त्याच अरुंद वाटेने खेचून आणावं लागतं, आणि चित्र अडखळायला लागतं. ५६००जी वर ३.० च असल्यामुळे हा फटका ठरलेलाच. ५६०० वर तो टळतो, पण बी५५० किंवा एक्स५७० बोर्ड असेल तरच. बी४५० आणि ए५२० बोर्ड ३.० चेच आहेत, तिथे ५६०० घालूनही उपयोग नाही. चाचण्या पाहून ‘हे कार्ड ठीक आहे’ म्हणणाऱ्याने ती चाचणी कुठल्या बोर्डावर झाली ते आधी पाहावं.

याच कार्डात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भागही नाही. स्ट्रीमिंग करणाऱ्याला किंवा व्हिडिओ एडिट करून एक्स्पोर्ट करणाऱ्याला हे लागतं. ५६००जी च्या आतल्या वेगा ग्राफिक्समध्ये मात्र एच.२६४ आणि एच.२६५ या प्रकारच्या व्हिडिओचा एन्कोडर आहे. म्हणजे २०० डॉलरचं कार्ड लावून त्या कामात तुम्ही मागेच जाता! ज्यांच्याकडे ही जोडी आधीच आहे त्यांनी बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवावं आणि एक्स्पोर्टचं काम त्याच्याकडे द्यावं.

जाता जाता एनव्हिडियाच्या जीटी १०३० या छोट्या कार्डाबद्दल. ५६००जी सोबत ते कधीच घेऊ नका, आतलं ग्राफिक्स साधारण तेवढंच काम करतं. ५६०० वर नुसता डिस्प्ले यावा म्हणून घेत असाल तर चालेल, पण याच नावाने दोन कार्डं विकली गेली आहेत. एकात जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्यात डीडीआर४, जेमतेम १७ जीबी. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा.

आता सध्याच्या टंचाईकडे येतो, कारण २०२१ चा सल्ला जसाच्या तसा आज लागू होत नाही. २०२५ च्या शेवटापासून तुटवडा मेमरीचा आहे. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले, आणि घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव चढत गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमचं उत्पादन कंपन्या आधीच आवरतं घेत होत्या, त्यामुळे जुनी म्हणून ती स्वस्त राहिली असंही झालं नाही.

‘जी’चं सगळं गणित रॅमवर उभं आहे. कार्डाला स्वतःची मेमरी असते, ‘जी’च्या ग्राफिक्सला नसते. ते मुख्य रॅममधूनच घेतं आणि प्रोसेसरही तिथूनच घेतो: एकाच नळावर दोन बिऱ्हाडं. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक (पट्ट्या) लावल्या तर सेकंदाला ५१ जीबी मिळतात. एकच लावली तर २५.६. तुलनेला, आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डावर हाच आकडा ३६० आहे. रॅम महाग म्हणून ‘सध्या एकच स्टिक घालतो’ असं ५६००जी वर केलं, तर ज्या ग्राफिक्ससाठी तो घेतला त्याचाच गळा आवळला जातो. शिवाय बायॉसमध्ये अर्धा, एक किंवा दोन जीबी ग्राफिक्ससाठी राखून ठेवले जातात आणि गेम चालू असताना विंडोज त्याहून जास्त देतं. एकूण ८ जीबी रॅम असेल तर ब्राउझर आणि गेम दोन्ही धाप टाकतात. ‘जी’ला कमीत कमी ८-८ च्या दोन स्टिक हव्यातच. ५६०० सोबत कार्ड असेल तर १६ ची एक स्टिक घालून दुसरी पुढे घेता येते. प्रोसेसरचं थोडं नुकसान होतं, पण कार्ड आपल्या मेमरीवर चालत राहतं.

म्हणजे २०२१ मध्ये कार्ड मिळत नव्हतं तेव्हा ‘जी’ने सोडवलं, आणि आज रॅम महाग असताना तोच ‘जी’ जास्त रॅम मागतो. तरी एएम४ चा विचार मी आजही करायला सांगेन, आणि त्याचं कारण जुन्या डीडीआर४ मध्ये आहे. घरात इंटेलच्या सातव्या ते दहाव्या पिढीचा डेस्कटॉप पडून असेल तर त्यातली रॅम बहुधा डीडीआर४ असते आणि एएम४ बोर्डात ती चालते. नवी पिढी डीडीआर५ मागते, म्हणजे रॅम पुन्हा विकत. लॅपटॉपच्या आखूड स्टिक मात्र डेस्कटॉपमध्ये बसत नाहीत. आणि जुनी रॅम २४०० ची असेल तर ५१ ऐवजी ३८ जीबी मिळतात. ५६०० ला ते फारसं बोचत नाही, ‘जी’च्या ग्राफिक्सला बोचतं.

त्यामुळे आज कोणी विचारलं तर मी आधी दोन गोष्टी विचारतो: कार्ड खरंच लागणार आहे का, आणि हातात रॅम किती आहे? हिशेब, शाळा-कॉलेज, दुकानाचं बिलिंग, प्रोग्रॅमिंग, घरच्यांसाठी सिनेमा, एवढंच असेल तर ५६००जी घ्या, दोन स्टिक लावा आणि कार्डाचा विषय सोडून द्या. मोठे गेम हेच कारण असेल तर ५६०० घ्या आणि कार्ड त्याच दिवशी घ्या. ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा मशीन लर्निंग शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं कार्ड घ्या, कारण त्यातलं बरंचसं काम कूडा या एनव्हिडियाच्या प्रणालीवर चालतं आणि वेगा ग्राफिक्सवर कूडा चालत नाही.

मधल्या लोकांसाठी, म्हणजे आज ‘जी’ आणि वर्षभराने कार्ड असा बेत असणाऱ्यांसाठी, कार्ड निवडताना लेन मोजणं महत्त्वाचं. सोळा लेनचं आरटीएक्स ३०६० पीसीआय ३.० वर जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतं, आणि १२ जीबी मेमरीमुळे मुख्य रॅमकडे धावण्याची वेळ क्वचित येते. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, त्याची मेमरी मंद आहे, ते टाळा. आठ लेनचं आरएक्स ६६०० ही चालण्यासारखं आहे. चार लेनच्या कार्डापासून दूर राहा, कितीही स्वस्त असो.

जुनं कार्ड घेताना ते संगणकात लावून तुमच्या डोळ्यांसमोर अर्धा तास गेम किंवा बेंचमार्क चालवून दाखवायला सांगा, पंख्यांचा आवाज ऐका, तापमान बघा, बिलावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर ताडून घ्या. आणि जुन्या बी४५० बोर्डावर यांतला कुठलाही प्रोसेसर बसवणार असाल तर आधीचा प्रोसेसर विकण्याच्या आत बायॉस अपडेट करून घ्या. ५००० मालिका येण्याआधीचं बायॉस या दोघांनाही ओळखत नाही, आणि बऱ्याच बोर्डांवर अपडेट करायला आधीचा, ओळखीचा प्रोसेसरच लागतो.